आईच्या नागपुरात पाच दिवस

आई गेल्या फेब्रुवारीत गेली, वयाच्या 91व्या वर्षी. तेव्हा पुण्याहून निघाले ती थेट घाटावर पोचले आणि तिसऱ्या दिवशी परत गाडीत बसले. त्या खेपेला नागपूर पाहिलेच नाही. म्हणून यंदा वर्षाच्या पुण्यानुमोदनासाठी, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावे पुण्य अर्पण करण्याच्या आमच्या बौद्ध विधीसाठी, दोन दिवस पुरले असते तरी मी पाच काढले. नवरा म्हणाला, एवढे दिवस काय करणार आहेस? मला तरी कुठे माहीत होते.

पहिला दिवस

रात्रीची गाडी, सकाळी दोन तास उशिरा. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

दादा स्कूटर घेऊन येणार होता, पण मला मेट्रोने इंदोऱ्यापर्यंत जायचे होते. स्टेशनवरून सीताबर्डी, तिथे गाडी बदलून इंदोरा चौक. नवख्यांसाठी सांगते, मेट्रोचे दोन्ही मार्ग सीताबर्डीलाच भेटतात, त्यामुळे शहरात कुठेही जायचे असले तरी बर्डी गाठायची आणि मग विचार करायचा. आमच्या लहानपणीही हाच नियम होता, फक्त तेव्हा सिटी बस होती. गड्डीगोदामला खिडकीला नाक लावून बसा. खाली रस्ता, त्यावर रेल्वेचा पूल, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर आपण. शेजारच्या आजोबांनी मला वाकून बघताना पाहिले आणि म्हणाले, "पहिल्यांदा आल्या का नागपूरले?" मी म्हटले, "नाही, जन्म इथलाच." ते हसले, "मंग पाहा पाहा."

चौकातच तर्री पोहे खाल्ले. पुण्याच्या पोह्यांवर मी तीस वर्षे खोटे प्रेम करते आहे, हे इथे कबूल करून टाकते. वर हरभऱ्याची लालभडक तर्री, कांदा, चिवडा, लिंबू. पोट नाजूक असेल तर तर्री वेगळ्या वाटीत मागा. पोहेवाला तुमच्याकडे थोड्या दयेने बघेल, पण देईल.

घरी वहिनीने दुपारी आईचा पत्र्याचा बिस्किटांचा डबा पुढ्यात ठेवला. "ताई, हे तुमच्यासाठी ठेवलं होतं. आम्ही उघडलं नाही." त्यात वर तीन सरकारी कागद होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेले. नर्सिंगच्या शिक्षणाचा कागद मध्य प्रदेशाचा, कारण 1956च्या 1 नोव्हेंबरपर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. 1957चा नेमणुकीचा कागद मुंबई राज्याचा. 1992च्या निवृत्तीचा महाराष्ट्र शासनाचा. गाव न सोडता बाईने तीन राज्ये केली. 35 वर्षे नोकरी आणि 33 वर्षे पेन्शन. हा हिशेब ती स्वतःच मिटक्या मारत सांगायची, "सरकारले महाग पडली मी."

त्याखाली चिठ्ठ्या होत्या. कॅलेंडरची फाडलेली पाने, पाठकोऱ्या बाजूला शाईने लिहिलेल्या. आमच्या घरात दोघेही शिफ्टवाले, आई मेडिकलला, म्हणजे मोठ्या सरकारी रुग्णालयात, आणि बाबा एम्प्रेस मिलमध्ये. कित्येकदा आठवडा आठवडा दोघांची गाठ फक्त दारात पडायची. म्हणून आई ड्युटीवर जाताना ओट्यावर, तेलाच्या डब्याखाली चिठ्ठी ठेवायची. एक जशीच्या तशी उतरवते:

"वरण शिजले आहे, फोडणी देणे. धाकटीस ताप 100. सहाला अर्धी गोळी दिली, पुढची दहानंतर, एसओएस. मोठ्याचे गणित राहिले आहे. दूध एचएस. लाडू बीडी, जास्त नाही. लोणचे एसओएस. चार्ज दिला."

खाली सही आणि वेळ, 8.10. त्याखाली बाबांच्या चौथी पास अक्षरात, "चार्ज घेतला."

ज्यांच्या घरात नर्स नव्हती त्यांच्यासाठी: बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच, आणि चार्ज देणे म्हणजे पाळी संपताना पुढच्याच्या हाती जबाबदारी सोपवणे. आम्हा तिघा भावंडांना ही भाषा शाळेत जायच्या आधी येत होती. दादाने एकदा वर्गात बाईंना सांगितले होते की आमच्याकडे श्रीखंड एसओएस असते.

डबा अर्धाच पाहून झाला. पुढे हात गेला नाही. झाकण लावून ठेवले.

दुसरा दिवस

आज मेडिकल. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय असे कोणी म्हणत नाही, म्हटले तर रिक्षावाला दोनदा विचारतो. मेडिकल म्हणायचे. दुसरा मोठा सरकारी दवाखाना म्हणजे मेयो. पेशंटला घेऊन रेल्वेने येणार असाल आणि तुमची गाडी अजनीला थांबत असेल तर तिथेच उतरा, मेडिकल तिथून जवळ पडते. आणि सकाळी लवकर पोचा. नऊनंतर केसपेपरच्या रांगेचे शेपूट दिसत नाही.

1947 साली सुरू झालेल्या या संस्थेत फक्त विदर्भाचे पेशंट येत नाहीत. छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, छत्तीसगड, सगळीकडून गाठोडी बांधून माणसे येतात. व्हरांड्यात परवाही तेच दृश्य होते: सतरंजी, स्टीलचा डबा, पाण्याची बाटली, आणि हातात कागद धरून भिंतीवरच्या पाट्या वाचणारा कोणीतरी. आईला "दुखते कुठे" हे चार बोलींत विचारता यायचे. उत्तर मात्र सगळ्या बोलींत सारखेच येते, माणूस पोटावर हात ठेवतो, असे ती म्हणायची.

वॉर्डात जाण्याचा मला काही हक्क नव्हता आणि मी तसा प्रयत्नही केला नाही. बाहेरून लांब व्हरांडा पाहिला, एका लिंबाखाली बसले. समोरून तीन विद्यार्थिनी गेल्या, सकाळी सकाळी कशावरून तरी खिदळत होत्या. आईच्या गोष्टीतल्या विद्यार्थिनी काचेच्या सिरिंजा उकळायच्या, बोथट झालेल्या सुया दगडावर घासायच्या आणि पेनिसिलिनच्या वेळा पाळण्यासाठी रात्रभर वॉर्ड फिरायच्या. त्याही खिदळत असतील.

खरी भेट होती केरळच्या मावशीची. ही आईच्या वॉर्डातली, वयाने आईपेक्षा आठेक वर्षांनी लहान. साठच्या दशकात एक ट्रंक आणि शून्य हिंदी घेऊन नागपूरला उतरली आणि इथलीच झाली. हनुमाननगरात राहते. दार उघडल्या उघडल्या मला म्हणाली, "कित्ती म्हातारी झाली बे पोट्टी तू!" मी 61 वर्षांची पोट्टी मुकाट्याने आत गेले.

तिने सांबारवडी केली होती. विदर्भाबाहेरच्यांनी गोंधळू नये, इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. बेसनाच्या पातळ पारीत सांबार, खसखस, खोबरे भरून तळलेली वडी, सोबत कढी. हिवाळ्यात सांबार स्वस्त असतो तोवरच खाऊन घ्यायची. मावशी म्हणाली, "मी इथं आली त्या पहिल्या आठवड्यात तुझ्या आईनं मले सांबार आणाले बाजारात पाठवलं. मी भांडं घेऊन गेली." साठ वर्षे झाली, पण सांगताना अजून तिला हसू आवरत नव्हते.

मग ती बोलत राहिली आणि मी वड्या खात राहिले. मे महिन्यातल्या उष्माघाताच्या पेशंटबद्दल बोलली. 46 अंशांत बांधकामावरचे, शेतातले मजूर बेशुद्ध होऊन यायचे. अंग भट्टीसारखे आणि घामाचा थेंब नाही. मग त्यांना ओल्या चादरींत गुंडाळायचे, काखेत आणि जांघेत बर्फ, वरून पंखा, दर थोड्या वेळाने थर्मामीटर. बर्फाची लादी गोणपाटात यायची आणि फोडायला वॉर्डबॉय नसला की आई स्वतः बत्ता घेऊन बसायची. आई उन्हाळ्यात घरी यायची तेव्हा तिच्या तळहातांना सुरकुत्या पडलेल्या असायच्या, हे मला अचानक आठवले. मला वाटायचे कपडे धुतले असतील.

नव्या इंटर्नला शीर सापडत नसली की आई त्याच्या बाजूला जाऊन उभी राहायची. पेशंटदेखत कधी बोलायची नाही. नुसते म्हणायची, "सर, तुम्हाला तिकडे बोलावलंय." तो कुठे बोलावलेय ते शोधून परत येईपर्यंत सलाइन सुरू झालेले असायचे.

चहा झाला. मी निघायला उठले आणि सहज म्हटले, आम्ही तिघे सकाळी ओट्यावर बसून राहायचो, नाइटवरून येताना आईची बस रोजच उशिरा असायची.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बस तं वेळेवरच यायची."

"म्हणजे?"

"तुझी आई सोडून द्यायची थे बस. पुढच्या बसनं यायची."

सकाळी चार्ज देऊन झाला की आई लिननच्या खोलीत जायची. धुऊन आलेल्या चादरींच्या गठ्ठ्याला पाठ टेकून खाली बसायची, मनगटावरचे घड्याळ काढून मांडीवर ठेवायची आणि डोळे मिटायची. वीस मिनिटे. मावशी बाहेर उभी. कोणी विचारलेच तर "सिस्टर स्टॉक मोजून राहिल्या" असे सांगायचे ठरलेले. "घरी गेलं की पोट्टे पदर सोडत नाहीत म्हणायची. मंग स्वयंपाक, मंग पाणी, मंग तुमची शाळा. वीस मिनिटं कोणाचीच नाही, असं म्हणायची."

मी परत खाली बसले. मावशीने न विचारता आणखी दोन वड्या वाढल्या.

तिसरा दिवस

दीक्षाभूमीला पहाटेच गेले. शांतपणे बसायचे असेल तर कामाच्या दिवशी सकाळी जा. दसरा आणि 14 ऑक्टोबर हे दिवस वेगळे, तेव्हा माणसांच्या समुद्रासाठी जायचे. राहाटे कॉलनीच्या मेट्रो स्टेशनवरून रिक्षा पाच-सात मिनिटे. सांचीच्या धर्तीचा आजचा स्तूप 2001 साली खुला झाला. आईच्या आठवणीत मात्र तिथे मोकळे मैदान होते.

14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली तेव्हा आई शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी होती आणि तिला सुटी मिळाली नाही. शहरात एवढी गर्दी, कोणी चक्कर येऊन पडणार, कोणाला उलट्या होणार, मग सुटी कशी मिळणार? आजोबा उमरेडकडून पांढरे धोतर नेसून चालत आले होते. ते दिवसभर मुलीला गर्दीत शोधत राहिले आणि मुलगी वॉर्डात. दुसऱ्या दिवशी, 15 तारखेला, बाबासाहेबांचे मोठे भाषण झाले. आदल्या दिवशी राहून गेलेल्यांना त्या दिवशीही दीक्षा मिळाली. नाइट संपवून आई तशीच पांढऱ्या युनिफॉर्मवर गेली. सगळे मैदानच पांढरे. आजोबांना ती सापडली ती तिच्या टोपीमुळे.

पुढे आयुष्यभर कोणी 14 तारीख म्हटले की आई दुरुस्त करायची, "माझी 15. मी ड्युटीवर होती." यात तक्रार होती की मिरवणे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. बहुधा मिरवणेच.

दुपारी बर्डीला मातृसेवा संघावरून चालत गेले. माझा जन्म तिथला. ही संस्था 1921 साली कमलाताई होस्पेट यांनी सुरू केली. लहान वयात वैधव्य आलेल्या कमलाताईंनी नर्सिंग शिकून बाळंतपणे करायला सुरुवात केली. ज्या काळात सुईणीच्या कामाला लोक नाक मुरडायचे त्या काळातली ही गोष्ट. 1961 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आई नोकरी एकीकडे करायची आणि स्वतःची बाळंतपणे दुसरीकडे. कारण विचारले की म्हणायची, "आपल्या वॉर्डात आपण पेशंट झालो तं बाकीच्या पोरींना कोण रागावणार?"

तीनच्या सुमारास आभाळ काळे झाले. सकाळी स्वेटर, दुपारी ऊन, असा इथला फेब्रुवारी, पण गारांची मला कल्पना नव्हती. बर्डीच्या गल्लीत एका संत्रीवाल्याच्या छपराखाली आम्ही सात-आठ जण दाटीने उभे राहिलो. पत्र्यावर असा आवाज की कोणाचे बोलणे कोणाला ऐकू येईना. दोन कॉलेजच्या मुली गारा वेचून चहाच्या कपात भरत होत्या. संत्रीवाला मात्र आभाळाकडे बघून एकच वाक्य बोलला, "गहू झोपला असन आमचा." त्याचे शेत काटोलकडे. गारा थांबल्यावर त्याने फोन लावला, पण तो लागत नव्हता. मी दोन डझन संत्री घेतली, खरे तर मला तेव्हा एकही नको होते.

या विषयावर थोडे: फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची संत्री येते, आंबिया बहार त्याआधी दिवाळीच्या आगेमागे. घेताना रंगाला भुलू नका. हातात जड लागले पाहिजे. प्रवासात नेणार असाल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, भोके पाडलेल्या खोक्यात कागद घालून न्या. संत्रा बर्फी स्टेशनवर घेता येते, त्यासाठी शहरात वणवण नको.

चौथा दिवस

पुण्यानुमोदन. अंगणात छोटा मांडव, तथागताची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी आईचा फोटो. फोटो साठीतला आहे, कारण नंतर ती फोटोला उभी राहिली की डोळे मिटायची. सकाळी दहाला विहारातून भंतेजी आले. त्रिसरण, पंचशील, परित्राण पाठ. शेवटी मी आणि दादाने मिळून तांब्या धरला आणि पाण्याची धार वाटीत सोडत राहिलो. "इदं मे ञातीनं होतु, सुखिता होन्तु ञातयो." वाटी भरून ताटात सांडेपर्यंत धार तोडायची नसते. दादाचा हात मध्येच थरथरला. मी खालून आधार दिला. त्याला वाटले कोणी पाहिले नाही.

जेवायला दीडशे माणसे झाली. खीर, पुरी, आलू-वांग्याची भाजी, वरण-भात आणि वहिनीच्या माहेरच्या बायकांनी केलेला गोळाभात. गरम भातावर भरड डाळीचा गोळा कुस्करायचा आणि वरून हिंग-मोहरीची गरम फोडणी. पुण्यात मी तो करते तेव्हा जमत नाही. वहिनी म्हणते, फोडणीत मी तेल मोजते म्हणून.

कोण कोण आले होते ते मला निम्मे कळले नाही. एक साठीचे गृहस्थ पंगतीत माझ्याशेजारी बसले. ते आमच्या गल्लीतले नव्हते, नात्यातलेही नव्हते. लहानपणी भाजून तीन महिने वॉर्डात होते. "सिस्टर ड्रेसिंग करताना मले पाढे म्हणाले लावायच्या. सतराचा पाढा येईपर्यंत पट्टी होऊन जायची." मग भात कालवता कालवता म्हणाले, "मले अजून सतराच्या पुढं येत नाही."

संध्याकाळी मांडव उतरल्यावर डब्याचा उरलेला अर्धा भाग पाहिला. आणखी चिठ्ठ्या, बेल्टचे बक्कल, एक तुटलेला थर्मामीटर कापसात गुंडाळून ठेवलेला. तळाशी वहीचे दुरेघी पान. अक्षर माझे, इयत्ता तिसरी.

"बसच्या साहेबांना नमस्कार. तुमची बस रोज ऊशीरा येते. त्या मूळे आमची आई ऊशीरा येते. आम्ही भूकेलेले असतो. तरी तुम्ही बस लवकर सोडावी ही विनंति."

ते पत्र मी आईला पेटीत टाकायला दिले होते. तिने ते पेटीत टाकले नव्हते. लाल शाईने चुका मात्र सुधारल्या होत्या. "ऊशीरा"चे दोन्ही ठिकाणी उशिरा, "मूळे"चे मुळे, "भूकेलेले"चे भुकेले. दादाला दाखवले. तो चष्मा काढून पुसत राहिला, मग म्हणाला, "विनंतीची वेलांटी राहिली तिची." त्याला लिननच्या खोलीबद्दल सांगायला तोंड उघडले, पण वहिनीने जेवायला हाक मारली. नंतर सांगितले नाही. सांगेन.

पाचवा दिवस

सामान, संत्र्यांचे खोके, डबा. दादाने विचारले, डबा नेतेस का? मी म्हटले, अर्ध्या चिठ्ठ्या तुझ्या, अर्ध्या माझ्या. वाटणी करायला बसलो तर बाबांच्या सहीच्या सगळ्या त्याला हव्या होत्या. मी दिल्या. पत्र मी घेतले. बक्कल वहिनीच्या नातीने आधीच फ्रॉकला लावले होते, ते तिचे झाले.

गाडी वेळेवर सुटली आणि पहाटे पुण्याला तर दहा मिनिटे आधीच पोचली. नवऱ्याचा मेसेज होता, "पोचलीस का? दूध कुठले घ्यायचे? नळाचा माणूस आज येणार आहे का?"

फलाटावर एका बाकड्यावर बसले. चहा घेतला. घड्याळ काढून मांडीवर ठेवले. समोरून दोन लोकल गेल्या, एक हमाल येऊन विचारून गेला. वीस मिनिटे झाल्यावर उठले, खोके उचलले आणि फोन लावला.

"अरे, आत्ता उतरतेय. गाडी लेट झाली."